तळटीपेतले कर्ज

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला सांगायचे आहे ते पाणी ओसरल्यानंतरचे. गाळ उपसून झाल्यावर घरोघरी एकच काम उरले होते. भिजून एकमेकांना चिकटलेले कागद हळुवार सोडवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. घराची कागदपत्रे, मुलांची प्रमाणपत्रे, लग्नाचे फोटो. आमच्या लोखंडी पेटीतून असाच एक घडी घातलेला कागद निघाला. शाई फुटली होती, रक्कम वाचता येत नव्हती, पतसंस्थेचा शिक्का म्हणजे नुसता जांभळा डाग झाला होता. खाली 'जामीनदार' या शब्दापुढची माझी सही मात्र जशीच्या तशी होती. सौ.ने तो कागद हातात घेतला आणि म्हणाली, "एवढं सगळं वाहून गेलं, आणि हा नेमका राहिला!"

तो कागद १९९९ सालचा. त्याचे एक टोक चिपळूणपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर असलेल्या अंजनवेलच्या पठारावर होते आणि दुसरे थेट अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात. वाचकांच्या लक्षात आले असेल. मी एन्रॉनविषयी बोलतो आहे.

मी तीस वर्षे पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय शिकवला. बारावीच्या वर्गात ताळेबंद शिकवताना एक छोटासा मुद्दा येतो, 'संभाव्य देणे'. म्हणजे आज द्यावे लागत नाही, पण उद्या कदाचित द्यावे लागेल असे देणे. दुसऱ्याच्या कर्जाला दिलेली हमी हे त्याचे ठरलेले उदाहरण. हे देणे ताळेबंदाच्या बेरजेत धरायचे नसते, खाली तळटीप म्हणून लिहायचे असते. मुले विचारत, "सर, तळटिपेला मार्क किती?" मी सांगत असे, "अर्धा." त्या अर्ध्या मार्काच्या तळटिपेने एक बलाढ्य कंपनी बुडाली, एका राज्याचे वीज मंडळ जेरीस आले आणि माझ्यासारख्या मास्तराच्या भविष्य निर्वाह निधीला भगदाड पडले. तिन्हींचे आकडे वेगवेगळे. रोग मात्र एकच.

एकच नदी, दोन वीजघरे

चिपळूणकराला विजेचे अप्रूप तसे नाही. आमच्याच तालुक्यात पोफळीला कोयनेचे वीजघर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी बोगद्यातून खाली येते, पोफळीला जनित्रे फिरवते, मग कोळकेवाडीच्या धरणाशी पुन्हा एकदा वीज करते आणि वाशिष्ठीला मिळते. ते चिपळूणवरून वाहत दाभोळच्या खाडीतून समुद्राला जाते. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या जलाशयाला तळाकडून भोक पाडण्याचा, ज्याला लेक टॅपिंग म्हणतात तो प्रयोग यशस्वी झाला आणि १००० मेगावॉटच्या चौथ्या टप्प्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या अभियंत्यांच्या त्या कामगिरीने आमची छाती फुगली होती.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे १९९९ मध्ये, याच नदीच्या मुखाशी दाभोळ पॉवर कंपनीचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. नाव दाभोळचे असले तरी दाभोळ खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यात, वेलदूर आणि अंजनवेलच्या डोक्यावर. एकाच नदीच्या वरच्या अंगाला पाण्यावरची स्वस्त वीज आणि खालच्या अंगाला आयात इंधनावरची महाग वीज, असा तो देखावा होता. अर्थात कोयनेचे पाणी मोजके आहे आणि राज्याची विजेची गरज वाढत होती, हेही खरेच. विजेची गरज खोटी नव्हती. ती भागवण्यासाठी कोणता कागद लिहून दिला गेला, प्रश्न तो होता.

कराराचे गणित

२० जून १९९२ रोजी एन्रॉनचा राज्याशी पहिला सामंजस्य करार झाला. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे देण्यास नकार दिला. प्रकल्प राज्याच्या गरजेच्या मानाने फार मोठा आणि वीज महाग, असे तिचे म्हणणे होते. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज मंडळाने वीस वर्षांच्या खरेदी करारावर सही केली. एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के.

करारातली मेख घरगुती हिशेबात सांगतो. समजा, तुम्ही महिनाभरासाठी एक टेम्पो ठरवलात. भाडे महिन्याला ३० हजार, गाडी फिरो अथवा न फिरो, डिझेल वेगळे. महिन्यात ३०० खेपा झाल्या तर खेपेला १०० रुपये पडले. ६० झाल्या तर त्याच खेपेला ५००. टेम्पोवाला म्हणणार, मी दारात उभा होतो, तुम्ही बोलावले नाहीत. वीज मंडळाचे हेच झाले. केंद्र वीज द्यायला तयार असले की स्थिर आकार द्यायचाच, वीज घ्या किंवा घेऊ नका. त्यात भाड्याची मोठी रक्कम डॉलरशी बांधलेली. १९९३ मध्ये ३१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत ४६-४७ वर गेला. इंधन नाफ्था, त्याचेही भाव भडकले. दोन रुपयांच्या आत पडेल असे ज्या विजेबद्दल सांगितले गेले होते, तिचा दर २००० साली काही महिन्यांत युनिटला सात रुपयांवर गेला. दर वाढला म्हणून मंडळाने वीज कमी घेतली आणि कमी घेतली म्हणून दर आणखी वाढला.

मंडळ पैसे देऊ शकले नाही तर? त्यासाठी राज्य सरकारची हमी होती. राज्यानेही हात वर केले तर? त्यासाठी केंद्र सरकारची प्रतिहमी. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजली, नव्या युती सरकारने ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्दही केला. पण पुढच्याच वर्षी वाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला, तोही मोठा होऊन, २१८४ मेगावॉटचा. पूर्वी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला. मे १९९६ मध्ये केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारने प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. कागदावर सही करण्यात कोणताच पक्ष मागे राहिला नाही, हे आज कोणावर राग न धरता सांगता येते.

हे गणित त्या वेळी कोणाला दिसले नव्हते, असेही नाही. पुण्याच्या 'प्रयास'चे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी १९९५ मध्येच ते आकडेवारीनिशी मांडले होते. मृणाल गोरे आणि मेधा पाटकर ते रस्त्यावर सांगत होत्या. वेलदूरचे मच्छीमार, अंजनवेल-रानवीचे शेतकरी ते आपल्या भाषेत सांगत होते. त्यांना लाठ्या मिळाल्या. ३ जून १९९७ रोजी वेलदूरमध्ये पोलिसांनी बायकांना घरातून ओढून नेले. त्याची नोंद ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी घेतली आणि १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने एक सबंध अहवाल त्यावर काढला.

आणि आम्ही चिपळूणकर? आम्ही बाजार पाहत होतो. लॉजमध्ये खोली मिळत नव्हती. शृंगारतळीला दुकानामागून दुकान उभे राहत होते. आमच्या आळीतल्या दोघांनी जीप घेऊन कंपनीला भाड्याने लावल्या होत्या. वेलदूरच्या लाठीमाराची बातमी वाचून मी हळहळलो आणि शाळेत जाऊन ताळेबंद शिकवू लागलो. हे लिहायला आज बरे वाटत नाही, पण खरे ते असे आहे.

एक डंपर

१९९९ च्या पावसाळ्यानंतर गुहागर तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. मुलगा कष्टाळू, हिशेबाला पक्का. दुसऱ्या टप्प्याचे काम जोरात सुरू होते, माती आणि खडी वाहायला डंपर हवे होते. त्याने एक जुना डंपर पाहून ठेवला होता. पतसंस्था ३ लाख द्यायला तयार होती, दोन जामीनदार हवे होते. एक त्याचा मामा. "दुसरे तुम्ही व्हाल का, सर?"

त्याचे वडील ओसरीवर टोपी काढून बसले होते. म्हणाले, "मास्तर, आमच्या कलमांना मोहोर येतो, गळतो. इथं महिन्याच्या महिन्याला पैसा आहे."

माझे वडील सांगत असत की भावाला पैसे द्यावे, पण जामीन राहू नये. दिलेले पैसे किती ते आपल्याला ठाऊक असते. हे मला आठवत होते. पण मी सुशिक्षित माणूस. मी त्यावर विचार केला. एवढी मोठी अमेरिकन कंपनी. तिच्या बिलाला मंडळ बांधलेले, मंडळाच्या मागे राज्य, राज्याच्या मागे केंद्र. मग या कामात धोका कसला? मी सही केली. आज विचार करतो तेव्हा जाणवते, त्या साखळीतल्या प्रत्येकाने हेच केले होते. ज्याने त्याने पुढच्याची सही पाहिली आणि निर्धास्त होऊन आपली सही ठोकली. बँकांनी सरकारची हमी पाहिली, कंत्राटदारांनी बँकांचे कर्ज पाहिले, डंपरवाल्याने कंत्राटदाराचा कामाचा कागद पाहिला आणि मास्तराने डंपर पाहिला.

पावणेदोन वर्षे हप्ते नियमित गेले. २००१ उजाडले ते मंडळ आणि कंपनी यांच्या भांडणाने. मागितली तेव्हा पूर्ण वीज वेळेत दिली नाही, म्हणून मंडळाने ४०१ कोटींचा दंड लावला. कंपनीने थकलेल्या बिलांसाठी आधी राज्याची हमी आणि मग केंद्राची प्रतिहमी पुढे केली. तळटीप वर सरकून बेरजेत आली ती अशी. एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीचा अहवाल आला, त्याने कराराचे वाभाडे काढले. मेच्या अखेरीस मंडळाने वीज घेणे थांबवले आणि केंद्र बंद पडले. दुसरा टप्पा नव्वद टक्क्यांच्या वर बांधून झालेला होता. जूनमध्ये त्याचेही काम थांबले.

माझ्या विद्यार्थ्याची चार महिन्यांची बिले एका उपठेकेदाराकडे अडकली होती. तो एके दिवशी कार्यालयाला कुलूप लावून निघून गेला. विकायचा म्हटला तरी डंपर कोण घेणार? तालुक्यातले सगळेच डंपर एकदम विकायला निघालेले. २००२ च्या मार्चमध्ये थकबाकी व्याजासह १ लाख ९० हजार झाली. डंपर लिलावात ८० हजारांना गेला. उरलेल्या १ लाख १० हजारांचे दोन भाग झाले. माझ्या वाट्याला ५५ हजार आले. भविष्य निर्वाह निधीतून काढून मी ते भरले. मुलीला पुण्याच्या कॉलेजात पाठवायचे आमचे ठरले होते. ती चिपळूणलाच शिकली. तिने कधी बोलून दाखवले नाही, म्हणून ते अधिक लक्षात राहिले.

ह्यूस्टनची तळटीप

एव्हाना तिकडे ह्यूस्टनमध्ये मूळ कंपनीच आडवी झाली होती. १९८५ मध्ये गॅसच्या नळवाहिन्या चालवणाऱ्या दोन कंपन्या एकत्र येऊन एन्रॉन झाली, तेव्हाच तिच्या डोक्यावर कर्ज होते. पुढे नळापेक्षा गॅसच्या सौद्यांचा व्यापार तिला अधिक गोड वाटू लागला. या व्यापारात तिने हिशेबाची एक युक्ती वापरली. सौदा आज झाला की पुढच्या अनेक वर्षांचा अंदाजी नफा आजच जमा धरायचा. आपल्याकडच्या बागायतदाराने यंदाचा मोहोर पाहून पुढच्या वीस वर्षांच्या पेट्यांचा नफा यंदाच वहीत लिहावा, तसे हे झाले. वहीतला नफा वाढत होता, पण पेटीत रोकड नव्हती. मग रोज कर्ज लागे आणि कर्ज दिसले तर शेअर पडे. त्यावर उपाय म्हणून कंपनीच्या वित्त विभागाने निराळ्या नावांच्या छोट्या संस्था काढल्या. काहींना तर 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या पात्रांवरून नावे दिली. कर्ज त्या संस्थांच्या नावावर टाकले आणि एन्रॉनच्या ताळेबंदाखाली कोणाला समजू नये अशा भाषेत तळटीप लिहिली.

ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरला गेलेला शेअर पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस एका डॉलरच्याही खाली आला. त्याच महिन्यात कंपनीने आपल्या बँकांना सांगितले की ताळेबंदात सुमारे १३ अब्ज डॉलरचे कर्ज दिसत असले तरी एकूण देणे ३८ अब्ज डॉलर आहे. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जुनी नामांकित संस्थाही त्यात संपली. हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली आणि ज्यांची म्हातारपणाची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती, त्यांची पुंजीही गेली. २००६ मध्ये अध्यक्ष केनेथ ले आणि मुख्याधिकारी जेफ्री स्किलिंग दोषी ठरले. ते वाचून मला समाधान वाटायला हवे होते. पण मला आठवले ते तिथले कारकून आणि त्यांची पुंजी. ती माणसे आमच्यासारखीच होती.

कंपनी मेली, कर्ज उरले

माणूस मेला की त्याचे कर्ज वारसांकडे जाते. अंजनवेलच्या या कर्जाला वारस आपणच होतो. सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प, त्यात आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक, कॅनरा बँक अशा आपल्याच वित्तसंस्थांचे पैसे. ते काढायचे तर केंद्र चालवणे भाग होते. जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी झाली. एनटीपीसी, गेल, वित्तसंस्था आणि राज्य असे तिचे भागीदार. विशेष असे की २००१ मध्ये जी वीज महाग म्हणून नाकारली, ती २००५ च्या सुमारास कुठल्याही भावाने हवीशी झाली, कारण खेडोपाडी रोज तासन् तास भारनियमन होते आणि खाडीच्या तोंडाशी तयार केंद्र गंजत होते.

२००६ मध्ये ते हलले. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आला, तेव्हा काही वर्षे बरी गेली. तो गॅस आटला आणि केंद्र पुन्हा थंडावले. उत्पन्न नाही, हप्ते मात्र चालू. नवी कंपनीही जुन्या कंपनीसारखी कर्जात रुतली. २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी सुमारे ५०० मेगावॉट वीज देण्यापुरते ते परत सुरू झाले. गॅसचा धक्का वेगळा काढून त्याची कोकण एलएनजी ही स्वतंत्र कंपनी झाली. मधल्या काळात स्थिर आकाराचा वाद पुन्हा उभा राहिला होताच. स्वस्त गॅस नाही, आयात गॅसची वीज महावितरणला नको, पण केंद्र तयार आहे म्हणून भाडे द्या, असा दावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: महावितरणने भाडे द्यावे. दारात उभ्या असलेल्या टेम्पोचा वाद इतक्या वर्षांनी दिल्लीत संपला आणि टेम्पोवाला जिंकला. ते भाडे शेवटी कोणाच्या वीजबिलातून जाणार, हे सांगायला लेखाकर्माच्या शिक्षकाची गरज नाही.

माझा विद्यार्थी पुढे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत टँकरवर चालक झाला. पंचवीस कलमांची बाग त्यांना विकावी लागली. दर गणपतीला तो यायचा आणि पाकिटातून कधी हजार, कधी पाचशे काढून ठेवायचा. मी नको म्हटले की म्हणायचा, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, येणं आणि देणं दोन्ही लिहायचं म्हणून." २०१३ च्या गणपतीत त्याने शेवटचे दोन हजार दिले. एन्रॉनवर तो कधी चिडून बोलला नाही. "दोन वर्षं चांगली गेली, सर. मला वाटलं, ती वीस वर्षं जातील." ह्यूस्टनच्या हिशेबनीसांनाही तसेच वाटले असावे, फरक एवढाच, त्यांनी ते पुस्तकात लिहून टाकले आणि बोनस घेतला.

महापुरानंतर चिपळूणच्या दुकानदारांना पुन्हा उभे राहायचे तर कर्जावाचून गत्यंतर नव्हते. आमच्या शेजारचा मुलगा, त्याचे छोटे स्टेशनरीचे दुकान गाळात गेले होते, संकोचत माझ्याकडे आला. बँकेला जामीनदार हवा होता. आत सौ.च्या हातातला डबा मोठ्याने आपटल्याचे मी ऐकले. मी त्याला बसवून तीन प्रश्न विचारले. कर्ज किती? धंदा सहा महिने बसला तर हप्ता कशातून? आणि तोही बुडाला तर माझ्यावर नेमका किती बोजा? त्याने वही उघडून आकडे दाखवले. कागदावर माझी जबाबदारी ठरावीक रकमेपुरती आहे, असे लिहून घेतले. मग सही केली. गाव पुन्हा उभे करायचे तर कोणीतरी कोणासाठी सही करावीच लागते.

तो गेल्यावर मी घरखर्चाची वही काढली. ती सबंध रक्कम त्याच दिवशी, त्याच तारखेला, खर्चाच्या बाजूला लिहिली. सौ. चष्मा लावून मागून पाहत होती. तिने विचारले, "अजून दिले कुठे पैसे?" मी म्हटले, "दिलेत असं समजायचं. नाही लागले तर पुन्हा जमा करू."

तिने बेरीज तपासली आणि वही मिटून फळीवर ठेवली. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसते. ती फळी आता तिच्या हातभर वर आहे.